टाळ्या, शेरे आणि तोंडावरचा पदर

पेपरावर शेरा मारणे हा मास्तरांचा पिढीजात हक्क. गेली तीस वर्षे मी तो मनसोक्त बजावला. 'अक्षर सुधारा', 'मुद्दा सोडून लिहिले आहे', 'प्रयत्न बरा' असे शेरे तांबड्या शाईने किती लिहिले असतील याची गणती नाही. गेल्या वर्षी मात्र हा हक्क उलटा फिरला. शेरे लोकांनी मारले आणि ते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. वाटले होते त्याहून ते फार अवघड निघाले. त्यात अनेकांचे गुण कापावे लागले, आणि सर्वांत जास्त माझे स्वतःचे. त्याचीच ही हकीकत, आणि तिच्या निमित्ताने थोडी समीक्षा.

झाले असे. आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी एक गाणे रचले आणि त्याचे चार मिनिटांचे चित्रण केले. हल्ली त्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. शाळा निपाणी भागातली. या भागात घरटी कोणाची तरी आजी, आत्या नाहीतर थोरली काकू तंबाखूच्या वखारीत कामाला गेलेली असते. मुलांनी तोच विषय घेतला. पहाटे भाकरी बांधून निघणारी आजी, वखारीतली चाळण, संध्याकाळी घरी परतताना अंगाला येणारा उग्र वास, आणि त्या वासामुळे लहानपणी तिच्या कुशीत न शिरलेली नात. दोन कडवी मराठी, एक कन्नड. कन्नड कडवे लिहिले ते ज्या मुलीची आई कन्नड घरातली आहे तिने. चाल त्यांचीच, पेटी आमच्या संगीत शिक्षकांची, चित्रण आणि कापणी-जोडणी मोबाइलवर.

गाण्याबरोबर मुलांनी त्याच्या प्रसिद्धीचा सरंजामही तयार केला. एक रंगीत भित्तिपत्रक, एक मिनिटाची झलक, आणि दोन घड्यांचे माहितीपत्रक. मग गाणे तीन ठिकाणी दाखवले. पालक सभेत, शेजारच्या कन्नड शाळेत, आणि एका गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात. प्रत्येक ठिकाणी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेली अभिप्रायपत्रिका वाटली. 'गाणे कसे वाटले? काय आवडले? काय सुचवाल?' असे तीन प्रश्न. पत्रिका गोळा झाल्या, मुलांनी त्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि म्हणाली, "सर, किती मार्क पडले ते सांगा."

गठ्ठा वाचायला घेतला तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात मी सुखावलो होतो. 'छान', 'उत्तम', 'खूपच सुंदर', 'अभिमान वाटला', 'भाळ चलो ऐती'. निम्म्याहून अधिक पत्रिका अशाच. दुसऱ्या अर्ध्या तासात मला शंका येऊ लागली. हे सगळे शेरे गाणे न पाहताही लिहिता आले असते! आपल्या मुलाने शाळेत काहीही केले तरी आईबाप 'छान'च म्हणणार. तो अभिप्राय गाण्यावरचा नसतो, मुलावरचा असतो. ती माया आहे आणि मायेला मोल आहेच. पण मायेच्या शेऱ्याने कडवे सुधारत नाही.

इथे मला एम.ए.च्या वर्गात वाचलेले आणि नंतर विसरलेले एक प्रकरण आठवले. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय आहे तो 'सिद्धी'चा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा. प्रेक्षकांचा अभिप्राय कसा मोजावा याचा विचार त्या ग्रंथाने शतकानुशतकांपूर्वी करून ठेवला आहे. भरत यशाचे दोन प्रकार सांगतो, मानुषी सिद्धी आणि दैवी सिद्धी. प्रेक्षकांनी हसणे, 'वाहवा' म्हणणे, हळहळणे, रोमांच उभे राहणे, उठून दाद देणे, अंगावरचे वस्त्र काढून नटाला देणे, ही सारी मानुषी सिद्धी. आणि दैवी सिद्धी कोणती? जिथे प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कोणी विचलित नाही. म्हणजे टाळी ही दाद खरीच, पण तिच्या वरची एक पायरी आहे आणि ती निःशब्द आहे.

त्याच अध्यायात याहून मोलाची आणखी एक गोष्ट आहे. प्रयोगाविषयी वाद पडला तर निवाडा कोणी करावा? भरत त्यांना 'प्राश्निक' म्हणतो आणि त्यांची यादी देतो. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्धर, चित्रकार, गायक, गणिका, राजा, राजसेवक. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणाऱ्याने बोलावे, बाण सोडण्याचा अभिनय असेल तर धनुर्धराने, शृंगाराचा असेल तर गणिकेने. थोडक्यात, ज्याचा जो धंदा त्याने त्यापुरता न्याय द्यावा. सगळ्यांनी सगळ्यावर गुण देऊ नयेत. आमच्या तीन प्रश्नांच्या पत्रिकेत नेमका हाच विचार नव्हता. आम्ही सर्वांना सर्व विचारले आणि मग बेरीज करायला बसलो.

बेरजेने फसगत होते याचा दाखला आपल्याच मातीत आहे. 'संगीत शाकुंतल' ज्यांनी रंगभूमीवर आणले ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, १८८२ साली 'सौभद्र' आले, आणि मराठी प्रेक्षकाला पदांचे वेड लागले. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतर बालगंधर्व यांच्या काळात या वेडाने एक परवलीचा शब्द रूढ केला, 'वन्समोअर'. आवडले की वन्समोअर. नायिका शोकात असो वा रागात, पद पुन्हा व्हायलाच पाहिजे. तीन तासांचे नाटक पहाटेपर्यंत लांबे. आता विचार करा, वन्समोअर हा कशाचा अभिप्राय होता? गळ्याचा. नाटकाचा नव्हे. उलट, जितके वन्समोअर जास्त तितकी कथानकाची गती खुंटलेली. टाळ्या मोजून त्या काळातील नाटके तपासली तर नाटक कसे होते ते कळतच नाही, फक्त कोण चांगले गात होते ते कळते. आमच्या गाण्याचेही तसेच झाले. सर्वांत जास्त पत्रिकांत 'आवाज गोड' असे होते. गाणाऱ्या मुलीचा आवाज गोड आहेच. पण मुलांनी त्या गोडव्यासाठी गाणे केले नव्हते.

आता दुसरी गोष्ट, भित्तिपत्रकाची. ते ज्या मुलाने केले त्याची रंगाची जाण चांगली. झेंडूचा पिवळा, हिरवी लुगडी, आणि मधोमध हात उंचावून नाचणाऱ्या मुलींची रांग. एक मिनिटाच्या झलकेतही तीच नाचाची चार क्षणचित्रे आणि ढोलकीचा ठेका. प्रत्यक्ष गाण्यात मात्र नाच जेमतेम पंधरा सेकंदांचा. तोही नातीच्या स्वप्नातला. परिणाम काय झाला? कन्नड शाळेतल्या मुलांच्या पत्रिकांत शेरा आला की नाच कमी. पालकांपैकी एकाने लिहिले, 'जाहिरात बघून हसत आलो, जाताना रडवलेत.' मुलांनी हा शेरा आनंदाने कौतुकाच्या ढिगात ठेवला होता. मी तो उचलून तक्रारीच्या ढिगात ठेवला. त्यावर आमचा बराच वाद झाला.

मुलांचा दाखला 'सैराट'चा होता, आणि तो दाखला मुळीच पोरकट नाही. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट ते तेव्हाच्या अहमदनगरात संज्ञापनाचे विद्यार्थी असतानाचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे विद्यार्थ्याच्या कामापासूनच ही वाट निघाली. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला, त्याआधीच अजय-अतुल यांची गाणी घरोघरी पोचली होती. 'झिंगाट' लागले की लोक पडद्यासमोर जाऊन नाचत, आणि शेवटच्या दृश्यानंतर त्याच लोकांना जागचे उठवत नसे. मुलांचे म्हणणे असे, "सर, त्यांनीही शेवट लपवला होता. आम्ही लपवला तर काय बिघडले?"

प्रश्न चोख होता. उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. मला वाटते, लपवणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. 'सैराट'च्या गाण्यांतला आनंद चित्रपटातही आहे, तेवढाच, तसाच. तो आनंद खरा आहे म्हणून तर शेवट जिव्हारी लागतो. जातीची भिंत चित्रपटाच्या पूर्वार्धातही ठिकठिकाणी उभी दिसते. आपण ठेक्याच्या नादात तिच्याकडे काणाडोळा करतो. तिथे जाहिरात काही झाकून ठेवते, पण नसलेली वस्तू दाखवत नाही. आमच्या भित्तिपत्रकाने नसलेला नाच विकला. पेढ्याच्या खोक्यात चटणी-भाकरी निघाली तर भाकरी कितीही चवदार असो, खाणारा आधी खोक्याकडे बघतो. वाद इथे मिटला असे नाही, पण भित्तिपत्रक करणारा मुलगा गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने चाळणीचे रेखाचित्र काढून आणले.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माहितीपत्रकाचा कच्चा मजकूर माझ्याकडे संमतीला आला तेव्हा त्यात एक ओळ होती, 'गाण्यात एक कडवे कन्नड आहे.' आणि ते लिहिणाऱ्या मुलीचे नाव. ती ओळ मी खोडली. मुलीचे नाव 'गीतलेखन'मध्ये इतरांच्या रांगेत घातले. कडवे गाण्यात राहू दिले, पण कागदावर त्याचा उल्लेख नको म्हटले. कारण या भागात राहणाऱ्या वाचकांना समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर हा दिवस एका घरात सणाचा आणि शेजारच्या घरात काळ्या फितीचा असतो, तिथे मराठी शाळेच्या पत्रकावर 'कन्नड' हा शब्द पाहून कोण काय म्हणेल याचा मी धसका घेतला. १९५६ साली रेषा ओढली गेली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या सगळ्याचे ओझे मी नववीच्या मुलांच्या दोन घड्यांच्या कागदावर टाकले.

अभिप्राय आले ते असे. तीन-चार मराठी पत्रिकांत राग होता. 'मराठी शाळेत कन्नड कडवे कशाला? आधीच काय कमी लादले जाते?' हा राग मी समजू शकतो. कार्यालयातला फॉर्म आपल्या भाषेत मिळत नाही, पाट्या बदलतात, तेव्हा माणूस जिथे बोलता येईल तिथे बोलतो. पण तो शेरा गाण्यावर नव्हता, सरकारवर होता. त्याचा पत्ता चुकला होता. गंमत अशी की या शेऱ्यांपैकी एकातही त्या कडव्याविषयी एक शब्द नव्हता. ते चांगले की वाईट, चालीत बसते की नाही, काहीच नाही.

आणि कन्नड पत्रिकांत एक शेरा होता, एका आईचा. 'गाण्यात आम्ही आहोत. कागदावर नाही.' एवढेच. माझ्या तीस वर्षांच्या शेऱ्यांत इतका नेमका शेरा मी एकदाही लिहिला नसेल. जी दाद गाण्याने कमावली होती ती माझ्या पत्रकाने घालवली. रागावलेल्यांचे समाधान झाले नाही, कारण कडवे ऐकू आलेच. आणि जिला आनंद व्हायचा तिचा अपमान झाला. भीतीने केलेली तडजोड दोन्हीकडून अशी नापास होते.

यात वाईट याचे वाटते की साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला हे आधीच ठाऊक असायला हवे होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि तिथून आपण मराठी रंगभूमीचा जन्म धरतो. त्यांना ती प्रेरणा झाली सांगलीत आलेल्या कानडी भागवत मंडळींच्या खेळावरून. किर्लोस्करांनी आपल्या पदांना कर्नाटकी चाली मोकळ्या हाताने घेतल्या आणि कोणाही मराठी रसिकाने त्या परत पाठवल्या नाहीत. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' १९०८ साली स्थापन झाली ती हुबळीत. पु. ल. देशपांडे बेळगावला राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. त्या दिवसांतून त्यांनी 'गणगोत'मधले रावसाहेब आपल्याला दिले. कानडी हेल काढून मराठी बोलणारा, आणि दाद म्हणून शिवी हासडणारा तो रसिक आपल्या भागाचा मानबिंदू झाला. आणि अलीकडचे पाहा. 'सैराट' २०१७ साली कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' नावाने झाला. रिंकू राजगुरूच नायिका, अजय-अतुल यांच्याच चाली, दिग्दर्शक एस. नारायण. त्याला मुळाइतके यश मिळाले नाही, हेही खरे. चाल सीमा सहज ओलांडते. पण ज्या मातीतून गोष्ट उगवली ती माती बरोबर जात नाही. आमच्या मुलांकडे तर माती एकच होती. त्या वखारीत शेजारी शेजारी बसलेल्या बायकांत मराठीही होत्या, कानडीही होत्या. दोन्ही भाषांत कडवी लिहिणे हा औदार्याचा प्रश्नच नव्हता, वस्तुस्थितीचा होता. सीमेवरचा आपला हक्क आपण मागत राहू. पण गाणे म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे, आणि कन्नड कडव्याने दावा कमजोर होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय. तो गठ्ठ्यात नव्हताच.

गणपतीच्या मांडवात गाणे दाखवले तेव्हा पुढच्या रांगेत चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. वखारीत आयुष्य काढलेल्या. पत्रिका त्यांनाही दिल्या. त्यांनी त्यांची घडी घालून कमरेला खोचली, कारण लिहिता येत नव्हते. मुलांच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'लेखी अभिप्राय : ०' अशी नोंद आहे. पण कार्यक्रम संपल्यावर त्यातल्या एकीने मला हाक मारली.

"मास्तर, गाणं ग्वाड हाय. पर ही पोरगी वखारीत तोंड उघडं टाकून गातीया कशी? आमी तोंडाला पदर गुंडाळून बसायचो. तोंड उघडलं की घशात तंबाखू."

दुसरी म्हणाली, "आन् चाळण कशी धरलीया बगा, जत्रंत डमरू नाचवल्यागत."

सगळ्या हसल्या. मग पहिली पुन्हा म्हणाली, "दिवसभर कुणी बोलायचं न्हाई. डोळ्यानं बोलायचो."

मी तिथल्या तिथे गार झालो. आमच्या गाण्याचा सगळा डोलारा त्या मुलीच्या तोंडावर उभा होता. ती नातीच्या वयाची पोर आजीची भूमिका करून वखारीत बसते आणि कॅमेऱ्याकडे पाहून ओठ हलवत गाते. म्युझिक व्हिडिओचा तो संकेतच आहे. शेकडो पत्रिकांनी त्याला 'छान' म्हटले असते तरी तो खोटाच राहिला असता. आणि भरताची यादी आठवली. बाणाचा अभिनय धनुर्धराने तपासावा. मग चाळणीचा कोणी? या विषयातले आमचे प्राश्निक पहिल्या रांगेत बसले होते, आणि आम्ही त्यांच्या हातात लिहायचा कागद दिला!

मी मुलांना मग एक जुना चित्रपट दाखवला. निपाणीच्या वाचकांपैकी काहींना तो आठवत असेल, बहुतेकांना नसेल. 'तंबाखू चाकिला ऊब आली', १९८२, सुमारे २५ मिनिटांचा कृष्णधवल अनुबोधपट. बेंगळुरूच्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने तो केला; दीपा धनराज त्यातल्या एक. निपाणीच्या तंबाखू कामगार बायका, त्यांची वखार, त्यांची संघटना आणि संप हा त्याचा विषय. अलीकडे बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेच्या पुढाकाराने या गटाचे चित्रपट नव्याने जतन केले गेले आहेत. म्हणजे आपल्या गावच्या बायकांची चित्रे परदेशात जपली गेली आणि गावात त्यांची आठवण पुसट झाली. असो. मुलांना मी तो दाखवला तो त्याची पद्धत दिसावी म्हणून. करणाऱ्यांनी आधी त्या बायकांत राहून त्यांचे ऐकले, कशावर बोट ठेवायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवले, आणि मग कॅमेरा लावला. निवेदनातही बायकांचेच अनुभव. तिथे अभिप्राय शेवटी कागदावर मागितलेला नाही. तो आधीच घेऊन त्यातूनच चित्रपट केला आहे. आपण मात्र नेहमी उलटे करतो. आधी करून टाकतो, मग विचारतो 'कसे वाटले?' त्या वेळी समोरचा माणूस सभ्यपणाने 'छान' म्हणतो, कारण दुसरे काही म्हणायची वेळ टळलेली असते.

याचा अर्थ प्रत्येक अभिप्राय शिरसावंद्य मानावा असा मात्र नाही. आम्ही पुष्कळ नाकारले. 'नाच वाढवा' नाकारले. 'आकाशातून घेतलेली दृश्ये घाला' नाकारले. एक शेरा असा होता की या गाण्यात शेतकरी कुठे आहे? १९८१ सालचे शरद जोशींचे तंबाखू आंदोलन, तो रास्ता रोको, तो गोळीबार, हे विसरलात का? हा शेरा वजनदार होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. घरातली मोठी माणसे किती हलक्या आवाजात बोलत होती ते आठवते. पण मुलांनी विचार करून सांगितले, ते दुसरे गाणे आहे. चार मिनिटांत आजीही आणि आंदोलनही मावणार नाही. मला ते पटले.

आणि एक सूचना खुद्द आम्हा शिक्षकांची होती. शेवटी 'तंबाखू आरोग्यास घातक आहे' अशी पाटी टाकावी, म्हणजे शाळेचे गाणे शोभेल. सूचना सद्धेतूची, वाक्यही खरे. पण कन्नड कडवे लिहिणारी मुलगी उठून म्हणाली, "सर, माझ्या आजीनं तंबाखू खाल्ला नाही. तिनं त्याच्यावर घर चालवलं. पाटी टाकली तर शेवटी चूक तिचीच झाल्यासारखी दिसेल." आम्ही पाटी टाकली नाही. अभिप्राय ऐकणे हे जसे शिक्षण, तसे कारण देऊन तो नाकारणे हेही शिक्षण. फक्त कारण द्यावे लागते. 'आमचे आम्हाला माहीत' हे कारण नव्हे.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे, 'किती मार्क पडले?' याचे उत्तर मी असे दिले. गाण्याच्या शब्दांना चांगले गुण. नात कुशीत शिरत नाही ते कडवे मोठ्या कवीनेही मान डोलवावी असे उतरले आहे. चालीला बरे गुण. ध्रुवपद गरजेपेक्षा दोनदा जास्त येते. चित्रणाला पास होण्यापुरते. भित्तिपत्रकाला नापास. माहितीपत्रकाला नापास, आणि त्यातले अपयश मुख्याध्यापकाचे. अभिप्रायपत्रिकेलाही नापास, कारण तिने ज्यांना लिहिता येते त्यांनाच विचारले, आणि 'काय चुकले?' हा प्रश्न विचारायचे धाडस केले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी चित्रण पुन्हा केले. आता वखारीतल्या दृश्यात मुलीच्या तोंडाला पदर गुंडाळलेला आहे. गाणे ऐकू येते, ओठ दिसत नाहीत. फक्त डोळे, आणि चाळणीवर पडणारी धूळ. चाळण कशी धरायची ते त्या आजींनी घरी बोलावून शिकवले. माझ्या मते गाण्याचे वजन त्याने दुप्पट झाले, आणि ते कोणत्याही चित्रतंत्राच्या पुस्तकातून आलेले नाही. माहितीपत्रकावर कन्नड कडव्याचा उल्लेख आहे, दोन्ही लिप्यांत, आणि मुलीचे नाव त्याखाली. रागाच्या दोन चिठ्ठ्या परत आल्या. एका गृहस्थांना मी शाळेत बोलावून चहा दिला आणि त्यांनाच कडव्याचा अर्थ विचारला. त्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगले येत होते. अर्थ सांगता सांगता ते थोडे थांबले. मत बदलले असे म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

त्याच गल्लीत नवे गाणे पुन्हा दाखवले. शेवटी टाळी पडली नाही. ही भरताची दैवी सिद्धी होती असा दावा मी करणार नाही. कामावरून दमून आलेली माणसे होती, शांततेला इतरही कारणे असतात. या वेळी आम्ही कागद वाटले नव्हते. दोन मुले वही घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि त्यांनी आधीच्याच आजींना विचारले, "आजी, काय चुकलं?"

आजीने थोडा विचार केला. म्हणाली, "आता बरं हाय. पर वखारीत इतका उजेड नसतोय."

मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.